हिरवी खूण

ताई खुर्चीवरची उशी बगलेत मारून घरी आल्या, तेव्हाच मिरचीला कळायला हवं होतं. ऑफिसातली उशी कुणी उगाच घरी आणत नाही. पण मिरची कांदा चिरत होती, डोळे चुरचुरत होते, आणि ताईंकडे नीट बघायची तिला तशीही फारशी हौस नव्हती. नातं नणंद-भावजयीचं, आणि दोघीही त्या नात्याला जागून होत्या.

मिरची हे अर्थातच तिचं खरं नाव नव्हे. ती सॉफ्टवेअरच्या ऑफिसात प्रोग्राम लिहायची. तिथे नवीन असतानाच तिने भर मीटिंगमध्ये कुणाला तरी असं काही सुनावलं की हे नाव चिकटलं ते चिकटलंच. नवऱ्याच्या कानावर गेलं, त्याने ते घरीही आणलं. ताई तेवढ्या तिला ‘बाईसाहेब’ म्हणत, आणि त्यात आदराचा लवलेश नसे.

ताई म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण. लग्न केलं नाही, भावाच्या घरी राहायच्या, पण घरखर्चाचा आपला वाटा न चुकता द्यायच्या आणि तो दिल्याचं न चुकता ऐकवायच्याही. इस्पितळात डोळ्यांच्या विभागाच्या खिडकीवर बसायच्या. कामाला वाघ. “माझी एक चूक दाखवा” हे वाक्य घरात रोज ऐकू यायचं. दूध उतू गेलं तर भांडं उथळ, बस चुकली तर बस लवकर आलेली.

“आज लवकर कशा?” मिरचीने विचारलं.

ताईंनी उशी टेबलावर ठेवली. पिशवीतून चहाचा कप काढून तिच्याशेजारी ठेवला. “घरी बसवलंय मला,” त्या म्हणाल्या. “चौकशी होईपर्यंत. मी ओळखीच्या माणसाला रांगेत पुढे घुसवलं म्हणे.”

मिरचीची सुरी थांबली.

हळूहळू सगळं बाहेर आलं. एक म्हातारे गृहस्थ होते, घड्याळं दुरुस्त करणारे. जन्मभर एका डोळ्याला भिंग लावून चाकं बसवत आले, आणि तोच डोळा आता गेल्यात जमा, दुसराही अधूच. ऑपरेशनची तारीख लागली की पेशंटने खिडकीवर येऊन ‘मी येतोय’ असं सांगायचं. खिडकीतल्या बाईने कार्डावरचा नंबर टाकायचा, पडद्यावर हिरवी खूण आली की झालं. घड्याळवाले सांगून गेले. ठरलेल्या दिवशी पिशवीत टॉवेल आणि चपला घेऊन हजर झाले, तर त्यांना कळलं की तुम्ही काही सांगितलंच नाही, तुमची पाळी गेली. आता पुन्हा यादीच्या शेवटी. त्यांच्या जागी भलत्याचंच नाव पक्कं झालेलं. तो भलता कोण, तर यादीत बराच मागे असलेला, ताईंच्या गल्लीतला इस्त्रीवाला.

“त्याच्याकडे तुमचे कपडे जातात,” मिरची म्हणाली.

“सगळ्या गल्लीचे जातात! म्हणून मी त्याला आंधळ्याच्या पुढे ढकलीन होय?” ताईंचा आवाज फाटला. “आमच्या अधीक्षक बाई भल्या आहेत गं. त्यांनी आधी विचारलं, टाइप करताना गडबड झाली असेल का. इस्पितळाचं सॉफ्टवेअर तुमच्या ऑफिसचं, म्हणून तुमच्याच साहेबांना विचारलं. तर तुमच्या साहेबांनी कळवलं, शक्यच नाही. आमचं सॉफ्टवेअर चुकीचा नंबर घेतच नाही, लाल फुली मारतं. म्हणजे तो नंबर मी मुद्दाम टाकला.”

मिरचीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने सुरी एवढ्या जोरात आपटली की आतल्या खोलीतून नवऱ्याने डोकं बाहेर काढलं, दोघींची तोंडं पाहिली आणि शहाण्यासारखं परत आत घेतलं.

ती नंबर तपासणारी तपासणी मिरचीने स्वतः लिहिली होती. थोडक्या ओळींचं काम, आणि त्यात खोट नव्हती. कार्डावरचा शेवटचा आकडा मुद्दाम निवडलेला असतो. उजवीकडून निघायचं, एक आकडा तसाच ठेवायचा, पुढच्याची दुप्पट करायची, पुन्हा एक तसाच, पुन्हा दुप्पट. दुप्पट दोन आकडी झाली तर ते दोन आकडे आपसात मिळवायचे. सगळ्याची बेरीज केल्यावर शेवटी शून्य आलं तर नंबर बरोबर. याला म्हणतात चेकसम. एखादा आकडा चुकला की बेरीज बिघडते, शेजारचे दोन आकडे उलटसुलट झाले तरी बिघडते. फक्त एक जोडी सोडून, आणि ती जोडी या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत असते.

“ताई, त्या दोघांचे नंबर आठवतात तुम्हाला?”

ताईंना न आठवायला काय झालं. त्यांनी दोन्ही नंबर घडाघडा म्हटले. मधल्या एका जागी घड्याळवाल्यांचं शून्य-नऊ होतं आणि इस्त्रीवाल्याचं नऊ-शून्य. बाकी सगळं सारखं.

“बघा!” मिरची ओरडली. “नऊची दुप्पट अठरा. एक आणि आठ किती? परत नऊच! आणि शून्याची दुप्पट शून्य. ही दोन कार्टी अशी आहेत की त्यांना दुप्पट करा नाहीतर तशीच ठेवा, ढिम्म फरक पडत नाही. जागा बदलल्या तरी बेरीज तीच, खूण हिरवी! तुमच्या हातून शून्याच्या आधी नऊ पडला, बस्स. सुटलात तुम्ही!”

तिला वाटलं होतं ताईंचा चेहरा उजळेल. ताई ताठ झाल्या.

“माझ्या हातून?”

“मग कुणाच्या?”

“मी आकडे उलटे टाकत नाही. इतकी वर्षं त्या खिडकीवर बसतेय. माझी एक चूक दाखवा.”

“ही दाखवतेय की!” मिरचीने कांद्याचे हात हवेत नाचवले. “अहो, साहेब म्हणतात मशीन चुकू देत नाही, तुम्ही म्हणता मी चुकत नाही. मग उरलं काय? उरली लबाडी! तुम्हाला लबाड व्हायचंय की चुकायचंय, एक काय ते ठरवा!”

“लबाड म्हणायचं नाही मला. माझ्याच घरात.”

“मी नाही म्हणत, तुम्हीच स्वतःला म्हणवून घेताय!”

ताईंनी उशी उचलली, कप उचलला आणि आपल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. दार आपटलं मात्र नाही. मिरचीला त्याचाच जास्त राग आला. लग्न झाल्यापासून जी बाई एक चूक कबूल करेल म्हणून ती वाट पाहत होती, तिची एक चूक अखेर सापडली होती, आणि ती कबूल केली नाही तर त्या बाईचं नाव मातीत जाणार होतं. दैव असं चेष्टेखोर असतं, आणि त्याला कानफटात मारायची सोय नसते.

सकाळी ती साहेबांच्या खोलीत शिरली ती दार न वाजवताच. साहेबांची खोली काचेची होती. बाहेरच्या सगळ्या टेबलांवर एकदम काम असल्यासारखी शांतता पसरली.

“इस्पितळाला टायपिंगची चूक शक्य नाही असं कुणी कळवलं?”

“मी,” साहेब म्हणाले. साहेब गोड बोलणारे. रागावताना तर त्यांच्या आवाजात साखर जास्तच पडायची. “बस ना. चेकसम मग कशासाठी लिहिलंस तू?”

“शून्य-नऊचं नऊ-शून्य झालं तर चेकसमला पत्ता लागत नाही. मी तेव्हाच सांगितलं होतं. म्हणूनच नावाची ओळ घातली होती.”

ती ओळ अशी होती: नंबर टाकला की पडद्यावर पेशंटचं नाव यायचं आणि खाली ‘नाव विचारून खात्री करा’. खात्री केल्याशिवाय पुढे जाताच यायचं नाही. इस्पितळाला सॉफ्टवेअर दाखवायच्या आधी साहेबांनी ती काढायला लावली. नंबर तपासतोय ना आपण, मग नाव कशाला, प्रत्येकाचं नाव विचारत बसलं तर रांग हलायची कधी. तेव्हाही मिरची भांडली होती. तेव्हाही सगळे आपापल्या पडद्यात डोकं घालून बसले होते. शेवटी उरली ती हिरवी खूण आणि ‘पुढचा’ असं बटण.

“हे बघ,” साहेब म्हणाले, “आणखी इस्पितळांशी बोलणी चालू आहेत. आता मी म्हणू, आमची खूण फसते?”

“खूण फसत नाही! खूण एवढंच म्हणते की असा नंबर असू शकतो. समोर उभा असलेला माणूस तोच, असं ती कधी म्हणाली नाही. ते तुम्ही म्हणालात!”

“ती बाई तुझी नणंद आहे ना? तू यात पडू नयेस हे बरं. दिसायला बरं नाही ते.” त्यांनी चष्मा पुसला. “आणि एक बाई खिडकीवरून हलली तर जग बुडत नाही. दुसरीकडे बसवतील तिला कुठेतरी.”

हे शेवटचं वाक्य त्यांनी बोलायला नको होतं. मिरचीला ताईंचा कप आठवला, कांद्याच्या सालांशेजारी ठेवलेला. तिला ताईंबद्दल प्रेम होतं अशातला भाग नाही. पण खिडकीवरून आपली उशी उचलताना ताईंच्या मागे कोण कोण बघत उभं असेल, हे तिच्या डोळ्यासमोर आलं, आणि समोरच्या चष्मा पुसणाऱ्या माणसाची तिला शिसारी आली.

“साहेब, तुम्ही नऊसारखे आहात,” ती म्हणाली. “काहीही करा, बेरीज तुमचीच.”

साहेबांना ते कळलं नाही. बाहेरच्या टेबलांना कळलं, कारण एकजण खोकला.

चौकशीला घरचं एक माणूस सोबत नेता येत होतं. नवरा म्हणाला, मी जातो, तू गेलीस तर तिथे रणकंदन होईल. ताई म्हणाल्या, “बाईसाहेबच येऊ देत.” एवढंच. ताईंनी इस्त्रीचे कपडे घातले होते, आणि कॉलरच्या टोकाला चुणी राहिली होती. त्यांनी इस्त्री या वेळी घरीच, स्वतः केली होती.

अधीक्षक बाईंच्या खोलीत एक लांब टेबल होतं, त्यावर संगणक, पाण्याचा जग आणि पेल्याखाली दाबलेले कागद. घड्याळवाले टोकाच्या खुर्चीवर बसले होते, तोंड किंचित भिंतीकडे, कारण त्यांना जी बाजू दिसत होती तिकडेच खोली आहे असा त्यांचा समज होता. साहेब आधीच येऊन बसले होते. मिरचीला पाहून त्यांची साखर क्षणभर विरघळली.

साहेबांनी आपलं म्हणणं मांडलं. तपासणी जगभर वापरली जाते, चुकीचा नंबर ती पकडते, आमच्या बाजूने काही दोष नाही. बोलताना त्यांनी ‘दुर्दैवाने’ हा शब्द फार वेळा वापरला.

“मी एक करून दाखवू?” मिरची म्हणाली. तिचा आवाज आधीच चढला होता. “दाखवू कशाला, बाई, तुम्हीच करा. आजोबांचं कार्ड घ्या. मधला कुठलाही एक आकडा चुकीचा टाका.”

अधीक्षक बाईंनी टाकला. लाल फुली.

“आता शेजारचे कुठलेही दोन वेगळे आकडे उलटे टाका. फक्त शून्य आणि नऊ सोडून.”

लाल फुली. साहेबांनी मान डोलावली.

“आता ते शून्य-नऊ उलटं टाका.”

बाईंनी एक बोट वापरून सावकाश टाइप केलं. पडद्यावर हिरवी खूण आली. ठळक, टवटवीत. बाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी पुसून पुन्हा टाइप केलं. पुन्हा हिरवी.

“हे तुम्हाला माहीत होतं?” त्यांनी साहेबांना विचारलं.

“सिद्धांत म्हणून,” साहेब म्हणाले. “अत्यंत क्वचित. पण बाई, मुद्दा तो नाहीच. या ताईंनी स्वतः आपल्या जबाबात म्हटलंय की मी आकडे उलटे टाकले नाहीत. आता आपण त्यांच्यावर विश्वास ठेवायचा की नाही? त्या म्हणतात चूक झाली नाही. मग चूक झालेली नाही.”

आणि ते मागे टेकून बसले. हा माणूस ताईंचाच ताठा दोरीसारखा वळून ताईंच्याच गळ्यात घालत होता, आणि ताईंनी तो त्याच्या हातात आपण होऊन दिला होता. ती ताईंकडे वळली. ताई मांडीवरच्या हातांकडे बघत होत्या, जणू ते हात दुसऱ्या कुणाचे आहेत.

“ताई,” मिरची दात आवळून म्हणाली, “बोला.”

पंखा फिरत होता. अधीक्षक बाई थांबल्या होत्या. घड्याळवाल्यांनी खुर्चीत अंग हलवलं.

“माझा हात चुकला,” ताई म्हणाल्या.

आवाज इतका बारीक होता की मिरचीलाही तो ताईंचा वाटला नाही.

“कोण बोललं?” घड्याळवाले म्हणाले. त्यांनी मान चुकीच्या दिशेला वळवली, मग दुसरीकडे. “जवळ या. मला लांबचं दिसत नाही.”

ताई उठल्या आणि त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. “खिडकीवरची बाई मी. माझा हात चुकला, काका. शून्याच्या आधी नऊ पडला. आणि मी तुमचं नाव विचारलं नाही. पूर्वी विचारायचे मी, प्रत्येकाला. मग सूचना आली, खूण हिरवी झाली की पुढचा. तेव्हापासून सोडलं. नियम म्हणून सोडलं. सोडायला नको होतं.”

म्हाताऱ्याने काही त्यांचे हातबित धरले नाहीत. तो चिडलेलाच होता, आणि त्याला चिडायचा हक्क होता. “माझा डोळा रोज थोडा थोडा जातोय,” तो म्हणाला. “काल दाढी करताना कान कापून घेतला.” त्याने ताईंच्या धूसर आकाराकडे बोट केलं. “बरं. तुम्ही चुकलात हे तुम्ही सांगितलंत. आणखी कोण?”

अधीक्षक बाईंनी साहेबांकडे पाहिलं.

“आणखी कोण, म्हटलं?” त्याने मान टेबलाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवली. साहेबांच्या चेहऱ्यावरून त्याची नजर तशीच पुढे गेली, कारण त्याला तिथे कुणी बसलेलं दिसतच नव्हतं. साहेबांनी पाण्याचा पेला उचलला, प्यायले नाहीत, परत ठेवला. मिरचीच्या जिभेवर इतकं काही आलं होतं की तिचा जबडा दुखायला लागला. पण उत्तर तिने द्यायचं नव्हतं. ज्याने द्यायचं तो पेल्याकडे बघत होता, आणि शेवटपर्यंत बघत राहिला.

अधीक्षक बाईंनी निकाल दिला तो साधाच. ताई उद्यापासून खिडकीवर. घड्याळवाल्यांना पुढच्याच ऑपरेशनच्या दिवसाची तारीख. आणि पडद्यावर नाव दिसलंच पाहिजे, ताबडतोब. “होय होय, अर्थात,” साहेब म्हणाले, जसं काही ते हेच सुचवायला आले होते.

बाहेर आल्यावर मिरचीने पायऱ्यांवर उभं राहून साहेबांच्या नावाने जे काही म्हणायचं ते म्हणून घेतलं. ताईंनी सगळं ऐकलं. एरवी त्या म्हणाल्या असत्या, जिभेला हाड नाही तुझ्या. आज म्हणाल्या, “आणखी एक राहिलं. निर्लज्ज.”

साहेबांनी मिरचीला कामावरून काढलं नाही. त्यापेक्षा वाईट केलं. तिने घातलेली, त्यांनी काढलेली ती ओळ त्यांनी ‘नवी सुविधा’ म्हणून सगळ्या इस्पितळांना कळवली. मीटिंगमध्ये टाळ्याही पडल्या. मिरचीने टाळ्या वाजवल्या नाहीत, आणि या वेळी आणखी दोघांनीही वाजवल्या नाहीत.

ती सुविधा बसवायला तिलाच इस्पितळात जावं लागलं. ताई आपल्या उशीवर बसल्या होत्या, कप उजव्या हाताला. मिरची त्यांच्या मागे वाकून तारा जोडत होती तेव्हा घड्याळवाले खिडकीपाशी आले. ‘मी येतोय’ सांगायला. मागे रांग साचलेली, लोक पाय बदलत उभे. त्यांनी फटीतून कार्ड सरकवलं. ताईंनी नंबर टाकला, प्रत्येक आकड्यावर बोट थांबवून. हिरवी खूण आली.

ताईंनी त्या खुणेकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्यांनी मान वर करून काचेपलीकडे बघितलं.

“नाव सांगा.”

“अहो, तुम्हाला माहीत आहे की!” घड्याळवाले उखडले. “सगळ्या इस्पितळाला माहीत झालंय माझं नाव!”

“माहीत आहे,” ताई म्हणाल्या. “तरी सांगा.”

मागून कुणीतरी वैतागून चुकचुकलं. घड्याळवाल्यांनी त्या आवाजाकडे मान वळवली, या वेळी बरोबर त्याच दिशेला. मग परत काचेकडे वळून त्यांनी आपलं नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, सगळ्या रांगेला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.